“हार्डटेलच घे”

वेताळ टेकडीवर खाणीच्या अलीकडे एक जागा आहे. मुरमाची पायवाट तिथे संपते आणि वीतभर उंचीच्या तीन-चार काळ्या दगडी पायऱ्या लागतात. त्या कुणी बांधलेल्या नाहीत, पावसाने माती वाहून नेली म्हणून उघड्या पडल्यात. सायकलवरून उतरायच्या तर सीटवरून उठायचं, बूड मागच्या चाकाच्या वर न्यायचं, गुडघे आणि कोपरं सैल सोडायची, ब्रेकवर एकेकच बोट ठेवायचं आणि दगडाकडे न बघता दगडाच्या पुढे बघायचं. पुढचं चाक खाली येतं तेव्हा फोर्क दबतो, सुस्कारा सोडल्यासारखा आवाज येतो आणि काही झालंच नाही असं वाटतं. मग मागचं चाक येतं. त्याला शॉकअप नाही. ते धाडकन आपटतं आणि तो दणका पायडलांतून, टाचांतून, गुडघ्यांतून वर येत मणक्यापर्यंत पोचतो.

मला तो दणका आवडतो. तो मला इतका आवडतो की दोन वर्षांपूर्वी मी तो दुसऱ्याच्या गळ्यात मारला. त्याबद्दल हे लिहितोय.

ज्यांना सायकलींमधलं फारसं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डोंगरात चालवायच्या सायकली ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या. दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेल्या, कुठेच नसलेल्या, आणि फक्त पुढे असलेल्या. या तिसरीला हार्डटेल म्हणतात. शेपूट कडक.

या जातीच्या सायकलींचं मूळ कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत सापडतं. सत्तरच्या दशकात तिथली काही पोरं जाड टायरांच्या, तीस-चाळीस वर्षं जुन्या श्विन सायकली शोधून आणायची आणि डोंगरावरून खाली सोडायची. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर 1976 साली त्यांनी शर्यती सुरू केल्या. त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असायचा, उलटं पायडल मारलं की लागणारा. उतार संपेपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच पडलं ‘रीपॅक’. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने 1977 साली या उद्योगासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली. तिला सस्पेन्शन ना पुढे, ना मागे. पुढचा सस्पेन्शन फोर्क बाजारात यायला ऐंशीचं दशक सरत आलं. मागेही सस्पेन्शन असणाऱ्या सायकली रुळल्या, तेव्हा कुठे मागे नसणारीला वेगळ्या नावाची गरज पडली. मला ही सगळी कथा तोंडपाठ आहे आणि मी ती कुणालाही, कधीही ऐकवू शकतो. तिच्यातली एक गोष्ट मात्र मी नेहमी गाळायचो. रीपॅकची पोरं डोंगराच्या माथ्यावर बऱ्याचदा पिकअप ट्रकमधून जायची.

तर तो मुलगा. परभणी जिल्ह्यातला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, एमपीएससी करणारा. पीएसआयच्या मैदानी चाचणीसाठी पहाटे टेकडीवर पळायला यायचा. मी त्या दगडी पायऱ्या उतरून खाली थांबलो होतो, तो पळता पळता थांबला आणि म्हणाला, “भारीय दादा सायकल.” मग अधूनमधून भेट व्हायला लागली. दिवसभर अभ्यासिका आणि संध्याकाळी सहा ते अकरा तो सायकलवर जेवणाची पार्सलं पोचवायचा. सायकल मित्राची होती, मित्र गावी परत चालला होता. एका रविवारी त्याने विचारलं, “दादा, मला सायकल घ्यायचीय. कुठली घेऊ?”

असा प्रश्न कुणी विचारला की माझ्यासारख्या माणसाचं काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. तुमच्याही आयुष्यात एखादी वस्तू असेल. कॅमेरा, कॉफी, कीबोर्ड, बुलेट. दहा जणांत एकाने जरी विषय काढला तरी तुम्ही खुर्ची पुढे ओढता. मी चाळीस मिनिटं बोललो. फुल सस्पेन्शन महाग, दुरुस्ती महाग, त्या वाटेला जाऊ नकोस. अगदी साधी घेतलीस तर टेकडीवर मनगटं कामातून जातील. मधला मार्ग हार्डटेल. पुढचा फोर्क खड्डे सांभाळतो, चढावर तो लॉक करता येतो, जाड टायर काचेवर-खडीवर टिकतात, डिस्क ब्रेक पावसात लागतो. आणि खरी गोष्ट म्हणजे ती तुला चालवायला शिकवते. मागे शॉकअप नसल्यामुळे चुकीच्या जागी चाक घातलंस की लगेच कळतं. “हार्डटेलच घे,” म्हणालो. त्याने फोनमध्ये लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी त्याने फोटो पाठवला. साडेतेवीस हजारांची, निळी, 27.5 इंची चाकांची. मी अंगठा पाठवला, वर फोर्क कसा जपायचा यावर दोन व्हिडिओ पाठवले.

मग पावसाळा लागला आणि माझं टेकडीवर जाणं थांबलं. ओल्या मातीत चाकं घातली की वाटेला चरे पडतात आणि पुढचा पाऊस त्या चऱ्यांतूनच माती घेऊन जातो, म्हणून मी चार महिने जात नाही. (या तत्त्वनिष्ठेचं मला कौतुक आहे हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.) ऑगस्टमध्ये एका रात्री अलका चौकात मी गाडीत सिग्नलला थांबलो होतो आणि तो सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होता. पाठीवर पार्सलची चौकोनी बॅग, अंगभर चिखल. मी काच खाली करून हाक मारली. “काय रे, कशी चाललीय?”

“मस्त आहे दादा!”

सिग्नल सुटला. पण सुटता सुटता मला तिची सीट दिसली. सायकलबरोबर आलेली निमुळती सीट गेली होती आणि तिथे होती जुन्या काळ्या सायकलीची रुंद, फाटक्या रेक्झिनची, खाली दोन जाड स्प्रिंगा असलेली सीट. आमच्या आजोबांच्या सायकलीला असायची तशी. हार्डटेलला त्याने मागचं सस्पेन्शन स्वतःच बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला चहाला बोलावलं आणि खोदून खोदून विचारलं. तो सांगत नव्हता, मला वाईट वाटेल म्हणून. हळूहळू निघालं ते असं. सायकल पंधरा किलोची. खाली ठेवली तर चोरीला जाईल म्हणून रोज रात्री अकरा वाजता तिसऱ्या मजल्यावर खांद्यावरून न्यायची. मूळ सीट तरीही चोरीला गेली, कारण ती अवजाराशिवाय नुसती खटका फिरवून निघते. ही सोय असते, असं मीच त्याला सांगितलं होतं. गाठी असलेले जाड टायर डांबरी रस्त्यावर घूं-घूं करत मागे ओढतात, आणि तो रोज तीस-चाळीस किलोमीटर डांबरावरच असतो. फ्रेमला कॅरिअर बसवायला भोकंच नाहीत, म्हणून ओझं पाठीवर. मडगार्ड नाही, म्हणून मागच्या चाकाचा चिखल त्याच पाठीवर. पावसात डिस्क ब्रेकचे पॅड दोन महिन्यांत झिजले आणि पेठेतल्या पंक्चरवाल्याकडे ते मिळत नाहीत. आणि फोर्क? या किमतीत येणारा स्प्रिंगचा फोर्क अडीच किलोच्या आसपास असतो. त्याचा पाणी-मातीने जाम होऊन बसला होता. दाबला तर दबतच नव्हता. म्हणजे आता त्याच्याकडे कुठेच सस्पेन्शन नसलेली सायकल होती, अडीच किलोचा निरुपयोगी लोखंडी दागिना पुढे लटकवलेली.

“आणि पैसे कसे उभे केलेस?”

“माझे होते थोडे. दहा हजार पप्पांनी दिले. सोयाबीनचे.”

हे ऐकल्यावर मी बराच वेळ चहाच्या ग्लासकडे बघत बसलो.

नंतर मी मनात तो चाळीस मिनिटांचा संवाद पुन्हा पुन्हा चालवून पाहिला, कुठे खोटं बोललो का ते शोधायला. सापडलं नाही. डिस्क ब्रेक पावसात लागतो, खरं. फोर्क खड्डे सांभाळतो, खरं. हार्डटेल चालवायला शिकवते, याची तर मी शपथ घेईन. मला कुणी कमिशन दिलं नव्हतं, कुठल्या दुकानाचं नावही मी घेतलं नव्हतं. हेतू चांगला, माहिती अचूक, आणि परिणाम असा की एक मुलगा रोज रात्री पंधरा किलो खांद्यावर घेऊन तीन मजले चढतोय. यात माझी नैतिक चूक आहे का? की ही नुसती गफलत?

मित्रांना विचारलं तर बहुतेक म्हणाले, गफलत. तो सज्ञान आहे, त्याने विचारलं, तू सांगितलंस, त्याने घेतली. हे ऐकायला बरं वाटतं. पण आपल्याकडे विश्वास ठेवण्याजोग्या शब्दाचा विचार फार जुना आहे आणि तो इतक्या सहज सोडत नाही. न्यायदर्शनात ज्ञान मिळवण्याचे चार मार्ग मानले आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताने सांगितलेलं. आता आप्त कोण? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन (कामसूत्रवाला नव्हे, हा दुसरा) सांगतो की ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असंही म्हणतो की ही व्याख्या ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखीच लागू. म्हणजे जात-कुळी बघू नका, त्याने पाहिलंय का आणि पाहिलेलंच सांगतोय का, एवढं बघा. मला हे फार आवडतं. आणि या कसोटीवर मी पास होतो. हार्डटेल मी स्वतः जाणली होती आणि जशी जाणली तशीच सांगितली.

पण त्याने विचारलं काय होतं? “हार्डटेल कशी असते?” असं नव्हतं विचारलं. “मी कुठली घेऊ?” असं विचारलं होतं. त्या वाक्यात दोन अज्ञात गोष्टी होत्या, सायकल आणि तो. पहिलीबद्दल मी साक्षात जाणणारा होतो. दुसरीबद्दल मला एवढंच माहीत होतं की तो पहाटे पळतो आणि संध्याकाळी पार्सलं देतो. रात्री सायकल कुठे ठेवतोस, किती किलोमीटर होतात, बिघडली तर कुणाकडे नेशील, पैसे कुठून आणणार, यातलं मी काहीही विचारलं नाही. अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मी पूर्ण अधिकाराने दिलं.

गंमत बघा, मराठीत ‘आप्त’ म्हटलं की आपल्याला नातेवाईकच आठवतात. लग्नपत्रिकेतले आप्तेष्ट. शास्त्रातला आप्त वस्तू जाणणारा आणि मराठीतला आप्त आपल्याला जाणणारा. तो मला ‘दादा’ म्हणत होता तेव्हा त्याला बहुधा दोन्ही अपेक्षित होते. मी त्यातला एकच होतो.

इथवर आल्यावर मला वाटलं सापडलं उत्तर. मग एक दिवस ऑफिसात बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि ती जास्त अवघड आहे.

हार्डटेलच्या भक्तांचं एक लाडकं वाक्य असतं, मीही ते त्याला ऐकवलं होतं: ती शिकवते. मागचं चाक आपटलं की कळतं, आपली वाट चुकली. सगळं सोसून घेणारं सस्पेन्शन माणसाला आळशी करतं. हे तंत्र म्हणून खरं आहे. पण आम्ही ते तंत्र म्हणून सांगत नाही. त्यात थोडं चारित्र्य मिसळतो. कष्ट घडवतात, दणके शहाणं करतात, वगैरे. आता माझ्याकडे बघा. मी बाणेरला काचेच्या इमारतीत काम करतो. खुर्चीला कमरेचा आधार आहे, गाडीला एसी आहे, रात्री भूक लागली तर त्याच्यासारखाच कुणीतरी पाचव्या मजल्यावर जेवण आणून देतो. आठवड्याचे सहा दिवस माझ्या अंगाला कुठलाही दणका लागत नाही. म्हणून सातव्या दिवशी तो मी टेकडीवर जाऊन विकत घेतो, आणि तो मला औषधासारखा लागू पडतो. माझ्या जगण्यात जे कमी आहे ते ती सायकल भरून काढते. त्याच्या जगण्यात ते कमी नव्हतं. अभ्यासिकेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीपासून कर्वे रोडच्या खड्ड्यांपर्यंत त्याला दणकेच दणके होते, आणि मी त्याला आणखी एक शिक्षक नेमून दिला. त्याने पहिली संधी मिळताच त्या शिक्षकाखाली स्प्रिंगा घातल्या. शहाणा आहे.

रीपॅकच्या गोष्टीतला पिकअप ट्रक मी का गाळत होतो, तेही मग मला कळलं.

तर मग बरोबर सल्ला काय होता? “तुला काय करायचाय फोर्क? साधी काळी सायकल घे, मागे कॅरिअर, पुढे घंटी, कुठलाही पंक्चरवाला दुरुस्त करेल.” सहा-सात हजारांत काम झालं असतं. सोयाबीनच्या पैशाला हात लागला नसता. हे मी एकदा त्याला बोलूनही दाखवलं, माफी मागितल्याच्या सुरात. त्याला ते आवडलं नाही. पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा चढला. “म्हणजे दादा, तुम्ही भारीवाली चालवायची आणि आम्ही काळी?”

मला उत्तर सुचलं नाही. कारण त्यातही तथ्य होतं. गरज बघून सल्ला द्या, हे म्हणायला छान आहे. पण कोणाची गरज म्हणजे काय, हे आपण झटक्यात त्याच्या कपड्यांवरून ठरवून टाकतो. बाणेरच्या माणसाने विचारलं की आपण विचारतो, तुला आवडतं काय? डिलिव्हरीच्या पोराने विचारलं की विचारतो, तुला लागतं काय? पहिल्याला इच्छा असतात आणि दुसऱ्याला फक्त गरजा. त्याने टेकडीवर माझी सायकल बघितली होती, तिच्यावर त्याचं मन बसलं होतं. तो मला हिशेब विचारायला आलाच नव्हता कदाचित. त्याला हवी होती ती वस्तू घेण्यात वेडेपणा नाही, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. आणि त्याने सांगितलं की रविवारी पहाटे, पार्सलची बॅग खोलीवर ठेवून, तो त्याच सायकलवर टेकडी चढतो. “तेव्हा ती वेगळीच असते दादा.” जाम फोर्कसकट.

मी या दोन टोकांमध्ये अजून अडकलेला आहे. गरज विचारली नाही म्हणून त्याचा खांदा दुखला. फक्त गरजच विचारली असती तर त्याचा अपमान झाला असता. दोन्ही विचारता आलं असतं का? आलं असतं, बहुतेक. पण त्यासाठी चाळीसपैकी तीस मिनिटं त्याला बोलू द्यावं लागलं असतं, आणि मला माझ्या सायकलबद्दल बोलायचं होतं.

नुकसानभरपाईचा प्रश्न मात्र साधा निघाला. मी म्हटलं, फोर्क बदलून देतो, सस्पेन्शन नसलेला हलका बसवू, टायर गुळगुळीत टाकू, सगळा खर्च माझा. त्याने फोर्कला नकार दिला. टायरला हो म्हणाला, पण निम्मे पैसे देणार या अटीवर, आणि ते त्याने दोन हप्त्यांत दिलेही. फोर्क आम्ही माझ्या गॅलरीत एका रविवारी खोलला. आतून गंजाचं तांबडं पाणी निघालं. साफ करून, ग्रीस भरून पुन्हा बसवला, आता तो दाबला की निम्मा तरी दबतो. सीटच्या खांबाला मी खटक्याऐवजी अॅलन कीचा बोल्ट लावून दिला. कॅरिअरसाठी त्याने पेठेतल्या वेल्डरकडून पत्र्याच्या दोन पट्ट्या करून घेतल्या, फ्रेमला क्लॅम्पने आवळल्या. बघायला भयंकर दिसतं. बॅग मात्र आता मागे असते.

मध्यंतरी ऑफिसातल्या एकाने मला विचारलं, सायकल घ्यायचीय, कुठली घेऊ? मी म्हटलं, रात्री ठेवणार कुठे? किती चालवशील? बायकोला माहितीये का? चौथ्या प्रश्नाला तो वैतागला. म्हणाला, “अरे, तू फक्त मॉडेल सांग ना.” मी सांगितलं नाही. त्याने दुसऱ्याला विचारून घेतली, आणि अजून तरी खूश आहे.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं पहाटे टेकडीवर होतो. त्याच्या कॉट बेसिसवरच्या आणखी दोघांनी डिलिव्हरी सुरू केलीय आणि ते त्याला विचारतात, कुठली सायकल घेऊ. मी कान टवकारले. “मग काय सांगतोस?”

“काय सांगणार दादा. एक दिवस माझी घेऊन जा म्हणतो.”

“आणि तुझी पार्सलं?”

“त्या दिवशी मी त्याची चालवतो.”

एवढं बोलून तो दगडी पायऱ्यांकडे वळला, सीटवरून उठला, आणि खालच्या स्प्रिंगा कुरकुरल्या.